जागा उपग्रह सांगतो, वाट आपण ठरवायची

गेल्या श्रावणातली गोष्ट. जुन्नर तालुक्यात माझ्या मावशीचे घर मळ्यात आहे, गावठाणापासून दीड किलोमीटर आत. रात्री साडेअकराला काकांच्या छातीत दुखायला लागले. मावशीने पुण्याला मला फोन केला. मी रुग्णवाहिका बोलावली, गावाचे नाव सांगितले आणि चालकाच्या मोबाईलवर गावाचे लोकेशनही पाठवून दिले. गाडी वेळेत आली, पण थांबली गावठाणात, मारुतीच्या देवळासमोर. मी पाठवलेली पिन गावाच्या नावाची होती, आणि नकाशात गावाचे नाव जिथे लिहिलेले असते तिथेच ती रोवलेली होती. तिथून मळ्याकडे दोन वाटा निघतात. जवळची वाट ओढ्यातून जाते आणि श्रावणात तिथे कंबरभर पाणी असते. मोबाईल नेमकी तीच दाखवत होता. शेवटी शेजारचा मुलगा बॅटरी घेऊन मोटारसायकलवर देवळापाशी गेला आणि लांबच्या वाटेने रुग्णवाहिका घरी घेऊन आला. काका वाचले. मधली अठरा मिनिटे मात्र माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत.

त्या रात्री दोन वेगवेगळ्या चुका झाल्या. जागा चुकली, ती माझ्यामुळे. वाट चुकली, ती नकाशामुळे. आपण दोन्हींना सरसकट ‘जीपीएस चुकला’ म्हणतो, पण उपग्रहाचा दोष या दोन्हींत कुठेच नव्हता. उपग्रहांवरून आपल्याला एकच गोष्ट कळते: आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत. त्या जागेपासून पुढे कसे जायचे हे फोनमधला नकाशा सांगतो, आणि तो माणसांनी व संगणकांनी बनवलेला असतो. ही दोन कामे डोक्यात वेगळी ठेवली की कशावर किती भरवसा ठेवायचा ते कळते. हा लेख त्यासाठीच आहे.

जागा कळते कशी?

आधी एक मोठा गैरसमज दूर करू. उपग्रह आपल्याला वरून बघत नाहीत आणि आपला फोन त्यांना काही पाठवतही नाही. उपग्रह आकाशवाणीसारखे सतत बोलत असतात आणि फोन फक्त ऐकतो. ते काय बोलतात? ‘मी अमुक उपग्रह, आत्ता अमुक ठिकाणी आहे, आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत.’

हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात, म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश खाली यायला सेकंदाचा पंधरावा हिस्सा लागतो. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजून ती किती लांब पडली याचा अंदाज आपण लहानपणी बांधायचो. फोन तेच करतो. संदेश किती उशिरा पोचला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो.

एका अंतरावरून जागा ठरत नाही. समजा, तुम्हाला एवढेच सांगितले की तुम्ही पुण्यापासून सरळ रेषेत साधारण १८० किलोमीटरवर आहात. पुण्याभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा, तुम्ही त्यावर कुठेही असू शकता. आता कळले की कोल्हापूरपासूनचे अंतर १६० किलोमीटरच्या आसपास आहे. दुसरे वर्तुळ काढले की ही दोन वर्तुळे दोन ठिकाणी छेदतात: एक जागा पंढरपूर, दुसरी रत्नागिरीच्या पश्चिमेला भर समुद्रात. सोलापूरपासून ६० किलोमीटर, हे तिसरे अंतर मिळाले की समुद्र गळतो आणि पंढरपूर पक्के होते. पुणे, कोल्हापूर, सोलापूर यांच्या जागी तीन उपग्रह ठेवा आणि कागदावरच्या वर्तुळांऐवजी आकाशातले गोल कल्पा. तत्त्व तेच.

मग चौथा उपग्रह का लागतो? घड्याळासाठी. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते, आपल्या फोनमध्ये साधे स्वस्त घड्याळ. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. चौथ्या उपग्रहाचा संदेश मिळाला की फोन आपल्या घड्याळाची चूकही त्याच गणितात सोडवून टाकतो. म्हणून चार उपग्रह दिसल्याशिवाय जागा नीट सांगता येत नाही.

या घड्याळांमागे आइन्स्टाइनचा सापेक्षतावादही उभा आहे. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने उपग्रहातले घड्याळ दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे पळते, आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उरलेला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात सुमारे ११ किलोमीटरची चूक साचेल. शंभर वर्षांपूर्वी कागदावर मांडलेला विचार आज रिक्षाचालकाच्या मोबाईलमध्ये रोज खरा ठरतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

आकाशात कोण कोण आहे?

जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा. काम १९७३ साली सुरू झाले, पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि १९९५ साली यंत्रणा पूर्ण झाली. ती मुळात सैन्यासाठी होती. १९८३ साली वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले, आणि त्यानंतर अमेरिकेने ही सेवा नागरिकांना मोफत देण्याचे जाहीर केले. तरीही नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. मे २००० मध्ये ती काढल्यावरच गल्लीबोळात उपयोगी पडेल इतकी अचूकता आपल्या हाती आली. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या तशाच जगभर चालणाऱ्या यंत्रणा. आजचे फोन एकाच वेळी यांतल्या अनेकांचे ऐकतात.

भारताची स्वतःची यंत्रणा म्हणजे इस्रोची ‘नाविक’. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये आणि सातवा एप्रिल २०१६ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेला. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून भारत आणि सीमेपलीकडचा १,५०० किलोमीटरपर्यंतचा टापू सांभाळण्यासाठी ती उभारली आहे. पहिल्या पिढीत परदेशी अणुघड्याळे होती आणि त्यांतली काही बंद पडली. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतात बनलेले रुबिडियम अणुघड्याळ बसवले आहे. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला पुढचा उपग्रह मात्र ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. वाट खडतर आहे, पण दुसऱ्याच्या सैन्याने चालवलेल्या यंत्रणेवर आपली विमाने, बोटी आणि वीजवाहिन्या कायम विसंबून ठेवणे कोणत्याच देशाला परवडणारे नाही.

अचूकता किती धरायची?

मोकळ्या आभाळाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर जागा सांगतो. नकाशावरच्या निळ्या ठिपक्याभोवती कधी कधी फिकट वर्तुळ दिसते. ते नीट बघायची सवय लावा. ‘तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात’ एवढाच त्याचा अर्थ. वर्तुळ मोठे असेल तेव्हा मधल्या ठिपक्यावर विसंबू नका.

वर्तुळ मोठे का होते? उपग्रहाचा संदेश आपल्यापर्यंत येतो तोवर अतिशय क्षीण झालेला असतो. काँक्रीटचे छत, बोगदा, घाटातला कडा यांनी तो अडतो. मुंबईतल्या लोअर परळसारख्या उंच इमारतींच्या भागात तो काचांवर आपटून येतो. वाट लांबली की उशीर वाढतो आणि फोनला वाटते, आपण दुसऱ्या गल्लीत आहोत. उड्डाणपुलावर आहोत की पुलाखाली, यातही फोन गोंधळतो. अशा ठिकाणी फाटा यायच्या आधीच रस्त्यावरची पाटी वाचून ठेवा.

आणखी एक गोष्ट. कोणता उपग्रह नेमका कुठे आहे, याचा तपशील प्रत्येक उपग्रह दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. मोबाईलला रेंज असली की फोन हाच तपशील इंटरनेटवरून झटकन घेतो. रेंज नसली की त्याला तो आकाशातून ऐकावा लागतो. म्हणून दरीखोऱ्यात लोकेशन लागत नसेल तर मोकळ्या जागी दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहा. चालत राहिलात तर उशीर होतो.

दोन आकडे वाचायला शिका

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. नकाशाच्या ॲपमध्ये आपल्या जागेवर बोट दाबून धरले की दोन आकडे दिसतात, उदाहरणार्थ पुण्याचे १८.५२, ७३.८५. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २३ च्या दरम्यान आणि दुसरा ७२ ते ८१ च्या दरम्यान असतो. घाईत दोघांची अदलाबदल झाली तर पुण्यातले घर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. त्यामुळे कोणी आकडे पाठवले की आधी एवढे तपासा.

दशांश चिन्हानंतर किती आकडे सांगायचे? दोन सांगितले तर जागा सुमारे एक किलोमीटरपर्यंत कळते, तीन सांगितले तर ११० मीटर, चार सांगितले तर ११ मीटर, पाच सांगितले तर एक मीटर. घर शोधायला चार पुरतात, पाच असतील तर उत्तम.

बोटीवरच्या यंत्रात हेच आकडे बहुधा अंश आणि मिनिटांत असतात. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणून १७ अंश ३० मिनिटे म्हणजे १७.५०. ते कोणी १७.३० असे लिहून घेतले तर २२ किलोमीटरची चूक होते. समुद्रात अडकलेल्या बोटीसाठी ही चूक जीवघेणी ठरू शकते. आकडे सांगताना ‘अंश’, ‘मिनिटे’, ‘पॉइंट’ हे शब्द स्पष्ट उच्चारा आणि समोरच्याकडून ते पुन्हा म्हणवून घ्या.

आकडे अवघड वाटत असतील तर टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन आहे. त्यात देशाची सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकटींत विभागणी करून प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. मळ्यातल्या, वाडीवरच्या, पाड्यावरच्या ज्या घरांना घर नंबर नाही आणि गल्लीचे नावही नाही, त्यांना यामुळे पहिल्यांदाच नेमका पत्ता मिळतो.

शेतात

ई-पीक पाहणी करताना शेतकऱ्याला शेतात उभे राहूनच पिकाचा फोटो घ्यावा लागतो, कारण फोटोसोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात. त्या वेळी झाडाखाली किंवा गोठ्याच्या पत्र्याखाली उभे राहू नका. आधी फोनचे लोकेशन चालू करा, मिनिटभर थांबा, ठिपका आपल्या गटात आला आहे हे बघा, मग फोटो काढा.

शेताभोवती चालून क्षेत्र सांगणारी ॲप मिळतात. फवारणीचा, बियाण्याचा, ठिबकच्या नळीचा अंदाज घ्यायला ती चांगली आहेत. बांध ठरवायला मात्र ती वापरू नका. हिशेब करून बघा: २० मीटर रुंद आणि ५० मीटर लांब पट्टी म्हणजे साधारण १० गुंठे. लांबीच्या एका बाजूला फोन ३ मीटर चुकला तर १५० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड गुंठा इकडचा तिकडे होतो. दीड गुंठ्यासाठी भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर झालेले आपण पाहिले आहे. भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक जो रोव्हर घेऊन येतो तोही उपग्रहांचेच ऐकतो. पण ज्यांची जागा आधीच पक्की मोजलेली आहे अशा जमिनीवरच्या केंद्रांकडून त्याला सतत दुरुस्ती मिळत असते, म्हणून तो काही सेंटिमीटरपर्यंत अचूक असतो. बांधाचा वाद असेल तर सरकारी मोजणीच मागा.

समुद्रात आणि डोंगरात

किनारा सोडून काही अंतर गेले की मोबाईलची रेंज जाते, पण उपग्रह सोबत असतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था संभाव्य मत्स्यक्षेत्राचा सल्ला देते, त्यात अक्षांश-रेखांश, खोली, दिशा आणि बंदरापासूनचे अंतर असते. डिझेल वाचते ते यामुळेच. बंदर सोडतानाच खाडीच्या मुखाची खूण यंत्रात जतन करा. परतताना धुके किंवा वादळ असले तर तोच आधार असतो.

सह्याद्रीत सर्वांत मोठा धोका सरळ रेषेतल्या अंतराचा आहे. एका पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर दाट धुक्यात आमच्या ट्रेकमधला एक नवखा मुलगा म्हणाला, ‘दादा, बेलपाडा तर इथून हाकेच्या अंतरावर दाखवतंय, तिकडेच उतरू या का?’ बेलपाडा हे पायथ्याचे गाव खरेच नकाशावर जवळ आहे, पण मध्ये कोकणकडा आहे. आम्ही होतो तिथून पन्नासएक पावलांवर कडा तुटत होता आणि धुक्यात तो दिसत नव्हता. त्याला हाताला धरून बसवले आणि आलेल्या वाटेनेच पाचनईला उतरलो. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो: फोन दोन ठिपक्यांमधले अंतर सांगतो, मधली दरी सांगत नाही.

ट्रेकला निघताना घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घ्या, शक्य असेल तर समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा. समोच्च रेषा जिथे दाटीवाटीने येतात तिथे कडा असतो. पायथ्याला नकाशाच्या ॲपमधले ‘वाट नोंदव’ चालू करा. धुके पडले तर स्वतःच्या पावलांची ती रेघ धरून मागे फिरता येते. डोंगरात फोन विमान मोडमध्ये ठेवला तर बॅटरी खूप वाचते, आणि बहुतेक फोनमध्ये उपग्रहांचे ऐकणे तेव्हाही चालूच राहते.

रस्त्यावर: ॲपचे ऐका, पण काच खाली करा

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईच्या ट्रेकला निघालेल्या तिघांची गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळच्या पुलावर गेली. नकाशात तो पूल होता. प्रत्यक्षात तो पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. गाडीची जागा फोनला अगदी बरोबर कळत होती. वर्षातून काही महिने त्या पुलावर पाणी असते, हे मात्र नकाशाला माहीत नव्हते. पंचक्रोशीतल्या कोणालाही विचारले असते तर त्याने सांगितले असते.

म्हणून काही नियम पाळा. निघण्याआधी संपूर्ण मार्ग एकदा मोठा करून बघा: घाट कुठे, धरण कुठे, नदी कुठे. अनोळखी भागात रात्री पाच-दहा मिनिटे वाचवणारा आडमार्ग घेऊ नका, राज्यमार्ग धरा. रस्ता अचानक अरुंद झाला, डांबर संपले, समोर पाणी किंवा अर्धवट बांधकाम दिसले की थांबा. शेवटचा दिवा लागलेल्या घराशी किंवा टपरीशी परत या, काच खाली करा आणि विचारा. दोन मिनिटांनी काही बिघडत नाही.

लोकेशन कोणाला द्यायचे?

उपग्रहांना तुम्ही कुठे आहात ते कळत नाही, पण फोनमधल्या ॲपना कळते. सेटिंगमध्ये जाऊन बघा, टॉर्चच्या ॲपला, खेळाच्या ॲपला लोकेशनची परवानगी कशाला हवी? नको असेल तिथे बंद करा, हवी असेल तिथे ‘फक्त ॲप वापरताना’ एवढीच द्या. रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या मुलीने घरच्यांना आपले चालू लोकेशन पाठवणे शहाणपणाचे आहे. व्हॉट्सॲपवर ते १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास असे मोजून देता येते. पोचल्यावर बंद करा.

आज रात्रीच करायचे काम

संकट आले की हात थरथरतात आणि सेटिंग सापडत नाही. म्हणून हे आजच करून ठेवा. घराबाहेर मोकळ्या जागी उभे राहून घराचे अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत काढून लिहून ठेवा. खात्रीसाठी दुसऱ्या फोनवरही बघा. तालुक्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ते आकडे मोठ्याने वाचायला शिकवा, कारण अडचणीच्या वेळी घरात बहुधा तेच असतात.

मी गेल्या दिवाळीत मावशीकडे गेलो तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जाड मार्करने ते दोन आकडे लिहिले. खाली मावशीने स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली: ‘देवळापासून उजवीकडे शाळेवरून या, ओढ्याच्या वाटेने येऊ नका.’ मग तिने चष्मा लावून आकडे तीनदा वाचून दाखवले, ‘एकोणीस पॉइंट...’ पासून शेवटच्या अंकापर्यंत, न चुकता. पान उलटले तरी आकडे दिसावेत म्हणून नव्या वर्षी तिने ते कॅलेंडरवरून काढून थेट भिंतीवर लिहिले आहेत, फोनच्या चार्जरच्या अगदी वर.